वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या लोकांना एकत्र बसवणारा नेतृत्व-अभ्यासक्रम: बँकेतल्या माणसाने करावा का?

पेठकरीण

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत छोट्या कर्जांचं काम बघते. भाजीची हातगाडी, वडापावची गाडी, शिवणकाम, रिक्षा, घरून डबे देणाऱ्या बायका, असे माझे कर्जदार. लवकरच माझ्याकडे आणखी शाखा येणार आहेत. त्याआधी एखादं नेतृत्वाचं प्रशिक्षण घ्या असं व्यवस्थापनाने सांगितलंय आणि निवड माझ्यावर सोडली आहे.

एक पर्याय नेहमीचा, बँकवाल्यांनी बँकवाल्यांबरोबर शिकायचं. विद्यापीठाजवळच्या वैकुंठ मेहता संस्थेत असा एक अभ्यासक्रम मी पूर्वी केलाय आणि त्याचा मला खरोखर उपयोग झाला. वसुली, तरलता, रिझर्व्ह बँकेचे नियम, सगळं पक्कं झालं. दुसरा पर्याय अगदी वेगळा आहे. अधूनमधून दोन-दोन दिवस भेटायचं, वर्षभर चालतो. वर्गात कंपन्यांतले लोक, महापालिका आणि जिल्हा परिषदेतले अधिकारी, पोलीस, रुग्णालयातले, सामाजिक संस्थांतले, असे सगळे एकत्र. फी बरीच आहे.

मला दुसरा ओढतोय, आणि त्याला कारण आहे. पीएम स्वनिधी ही पथारीवाल्यांना छोटं कर्ज देणारी केंद्र सरकारची योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं, वेळेवर फेडलं की पुढचं मोठं (आता पहिल्या कर्जाची रक्कम वाढवली आहे). कागदावर बँकेचं काम सोपं दिसतं. पण पथारीवाल्याला विक्रीचं प्रमाणपत्र किंवा शिफारस पत्र मिळतं पालिकेकडून. तो उभा राहतो त्या रस्त्याचा प्रश्न वाहतूक पोलिसांचा. त्याचा अर्ज भरून देते ती बहुतेक वेळा त्याची संघटना. गाडी जागेवरून हलली की माझा हप्ता थांबतो आणि थकबाकीला नव्वद दिवस उलटले की खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए. म्हणजे माझ्या कर्जाचं भलंबुरं ठरवणारी निम्मी माणसं बँकेच्या बाहेर बसलेली आहेत आणि त्यांतल्या एकाशीही माझी नीट ओळख नाही.

आमच्या संचालक मंडळातल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "पालिकेच्या आणि पोलिसांच्या लोकांबरोबर वर्षभर बसून आपल्या बँकेला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. सभासदांचा पैसा आहे, उत्तर द्यायलाच हवं. ज्यांनी असा अभ्यासक्रम केलाय त्यांनी कृपया नेमकं सांगा: नंतर कामात काय बदललं?

चाकणकर

मॅडम, मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रशिक्षण विभागात आहे. माणसं अशा ठिकाणी पाठवणं हेच माझं काम.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला १९८० मध्ये अमेरिकन लीडरशिप फोरम सुरू झालं, ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये ज्युलिया मिडलटन यांनी कॉमन पर्पज सुरू केलं. विचार असा की शहराचे मोठे प्रश्न एका खात्यात मावत नाहीत आणि शहर चालवणारी माणसं एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ती वाद पेटल्यावर. त्याआधीच त्यांची भेट घडवायची. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिलेली गोष्ट याच्याशी जुळते. नोकरीची खबर लोकांना सख्ख्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीच्यांकडून जास्त मिळते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतंच. बँकवाल्यांच्या वर्गात तुम्हाला भेटतील ते सगळे तुमच्यासारखंच परिपत्रक वाचून आलेले असतील.

आपल्याच शहरातलं उदाहरण हवं असेल तर २०२० आठवा. करोनाच्या काळात मराठा चेंबर या पुण्यातल्या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने उद्योजक, रुग्णालयं आणि प्रशासन 'पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड रिस्पॉन्स' म्हणून एकत्र आले. व्हेंटिलेटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलं सामान मिळवण्यासाठी सगळ्यांनी मिळून हात-पाय मारले. अशा वेळी कुणाला फोन करायचा आणि तो माणूस खरं बोलेल का, हे आधीच माहीत असेल तर दिवस वाचतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मागच्या तुकडीत कुठल्या क्षेत्रातले किती लोक होते ती यादी मागा, नावं नकोत. त्यात आयटी, औषध, वाहन आणि विमा असे सगळे खासगीच असतील तर तो 'बहुक्षेत्रीय' नाही, मग त्यांनी माहितीपत्रकावर काहीही छापलेलं असो. प्रत्यक्ष भेटी किती आणि बंद खोलीतली व्याख्यानं किती तेही विचारा. मी पाहिलेल्यांतले निरुपयोगी निघाले ते सगळे रिसॉर्टवर दोरखंड ओढून संघभावना शिकवणारे होते.

मुठाकाठ

ताई, मी पुणे जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत अभियंता आहे, पाणी आणि सांडपाणी बघतो. तुम्ही म्हणताय तसाच अभ्यासक्रम मी केला आहे आणि या विषयावर मला मनापासून बोलायचंय, म्हणून उत्तर लांब होईल.

तुमच्या संचालकांना एवढंच सांगा: ज्यांना आपण हुकूम देऊ शकत नाही त्यांच्याबरोबर काम कसं तडीस न्यायचं, हे तिथे शिकायला मिळतं. आपापल्या खात्यातली प्रशिक्षणं शिकवतात ते हाताखालच्या माणसांबद्दल. माझ्या हाताखाली कनिष्ठ अभियंता, मुकादम, पंपचालक. त्यांना मी सांगतो, ते करतात. पण माझं खरं दुखणं होतं आमच्या गावातला ओढा, आणि ओढ्याला कुणाचाच हुकूम लागू नाही. जमीन महसूल खात्याची, रस्त्याखालची मोरी सार्वजनिक बांधकाम खात्याची, काठावरची भिंत एका सोसायटीची, वरच्या अंगाला कारखान्यांची कुंपणं, खालच्या अंगाला वस्ती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, सहकारनगर, अरण्येश्वर, कात्रज भागात काय झालं ते पुण्यातल्या कुणाला सांगायला नको. त्या रात्रीनंतर जिल्ह्यातला प्रत्येक पाण्याचा अभियंता आपापल्या ओढ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

अभ्यासक्रमात आम्ही एकमेकांची कामाची ठिकाणं बघायला जायचो. माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं तेच. कारखान्यात आम्ही पाळी बदलताना गेलो. बाहेर जाणारा आणि आत येणारा, दोघे फळ्यासमोर उभ्याउभ्या काय बिघडलं, काय अर्धं राहिलं ते बोलतात आणि मगच पहिला घरी जातो. आमच्या पंपहाउसवर ते मी दुसऱ्याच आठवड्यात सुरू केलं. रात्रीच्या माणसाने सकाळच्याला व्हॉल्व्ह दाखवून जायचं, नुसती वही भरून नाही.

मग कारखान्यातले आमच्याकडे आले. त्यांच्यातला एक देखभाल विभागाचा प्रमुख, हुशार माणूस. त्याने विचारलं, "तुमच्याकडे एक जाळी बसवायला इतका वेळ का लागतो?" मी त्याला एक फाईल पहिल्या पानापासून दाखवली. दरसूचीवरून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक. त्यानंतर एक जुना लेखाआक्षेप, म्हणजे ऑडिटची हरकत, दाखवला. काम झालेलं, पाणी मिळालेलं, लोक खूश, पण एक मान्यता उशिरा घेतली म्हणून निवृत्तीनंतरही खुलासे देत बसलेला अधिकारी. त्या माणसाचा चेहराच बदलला. सही न करणारा अधिकारी आळशी असतो असं सरसकट धरलं जातं. बऱ्याचदा तो घाबरलेला असतो, आणि त्याची भीती दूर करणारा एक कागद त्याच्या हातात दिला तर तो दुपारी सही करतो. ताई, तुमच्या शिफारस पत्रांच्या बाबतीतही हे आठवा.

उलट बाजूही तितकीच खरी. कंपन्यांची माणसं फेब्रुवारी उजाडला की घाईला येतात आणि आमच्या कार्यालयांत सगळे म्हणतात, यांना फक्त फोटो पाहिजे. कारण कायद्यात आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, एप्रिल २०१४ पासून लागू. नक्त मूल्य (नेटवर्थ) ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी असेल तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. ३१ मार्चला पैसे उरले आणि काम 'चालू प्रकल्प' (एका वर्षापेक्षा जास्त चालणारं काम) म्हणून ठरवलेलं नसेल, तर ती रक्कम सहा महिन्यांत सरकारने ठरवून दिलेल्या निधीत भरावी लागते. चालू प्रकल्प असेल तर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. हे कळल्यावर मी कंपनीच्या माणसाला जानेवारीत 'पैसे द्या' म्हणत नाही. ऑगस्टमध्ये जाऊन म्हणतो, 'हा चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घ्या.'

प्रत्येक क्षेत्राचं आपलं एक पंचांग असतं. कंपनीचा मार्च. आमची निवडणुकीची आचारसंहिता, आणि जूनच्या आत नालेसफाई. संस्थेची महिन्याची एक तारीख, कारण कार्यकर्तीचा पगार त्या दिवशी द्यायचा असतो. पोलिसांचा गणपतीचा बंदोबस्त. तुमचे नव्वद दिवस. आमची बहुतेक भांडणं मला आता या तारखांची वाटतात. तारखा शेजारी-शेजारी लिहिल्या की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत.

आता ओढ्याचं. आमच्या गटाने तो विषय घेतला, कारण तो खरा होता आणि माझ्या गळ्याशी आलेला होता. आम्ही ओढ्याच्या उगमाकडून नदीपर्यंत चालत गेलो. मी, तो देखभालप्रमुख, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर, एका संस्थेच्या कार्यकर्त्या आणि त्यांनी बरोबर आणलेल्या कचरा वेचणाऱ्या दोन मावशी. आमच्या कार्यालयाच्या कागदांवर मोरीत अडकणारा कचरा 'वस्तीतला कचरा' होता. मावशींनी काठीने तो उलटा केला आणि सांगितलं, "हा आमच्या घरातला नाय. थर्माकोल आणि गुंडाळायचा प्लास्टिक कागद हाय. वस्तीत एवढं सामान येतंय कुठनं?" त्यांनी आम्हाला वर नेलं. कारखान्यांना पॅकिंगचा माल पुरवणाऱ्या लहान शेडमागे ढीग होता आणि पाऊस आला की तो ओढ्यात.

नोटिसा देऊन तो ढीग हलला असता का, मला शंका आहे. देखभालप्रमुखाने तिथे उभं राहूनच खरेदी विभागाला फोन लावला. त्या शेडवाल्यांचं गिऱ्हाईक त्याचीच कंपनी. थोड्याच काळात माल परत वापरायच्या क्रेटमधून यायला लागला. माझ्याकडे अधिकार होता, त्याच्याकडे ऑर्डर होती. ऑर्डर जास्त चालली.

दुसरी गोष्टही मावशींचीच. ठेकेदार गाळ काढून काठावरच टाकतो आणि पहिल्या सरीत तो परत आत जातो, हे त्यांनी दाखवलं. मी पुढच्या निविदेत अटच घातली की काढलेला गाळ ठरलेल्या मुदतीत उचलून नेल्याशिवाय मोजमाप पुस्तिकेत नोंद होणार नाही, म्हणजे देयकही निघणार नाही. डॉक्टरांनी डेंग्यूचे रुग्ण गल्लीवार मांडून दिले. ते आणि माझा नकाशा शेजारी ठेवल्यावर कुठली दोन ठिकाणं आधी घ्यायची यावर वाद उरला नाही. सभेच्या ठरावासाठी नगरसेवकांना मी आकडे न दाखवता त्या गल्ल्या दाखवल्या. कंपनीचा निधी नगरपरिषदेच्या जागेवर न खर्चता संस्थेच्या वर्गीकरण शेडला गेला, म्हणजे आमच्या मंजुरीसाठी त्यांचा मार्च अडला नाही.

पुढच्या पावसाळ्यात खालच्या आळीत पाणी शिरलं नाही. पाऊसही बेताचा होता, तेव्हा त्यावरून मी मोठा दावा करणार नाही. पण मोरीच्या तोंडाशी थर्माकोल कमी झाला ते डोळ्यांना दिसत होतं.

यात 'नेता' कोण होता? बैठक कुणीही बोलवायचा. जो विषयाच्या सर्वांत जवळ त्याने आधी बोलायचं, पदाने मोठे असतील त्यांनी शेवटी, एवढा एक नियम आम्हाला वर्गात घालून दिला होता. साधा वाटतो. पण मावशी आधी बोलल्या नसत्या तर मी साहेबांसारखा 'वस्तीतल्या कचऱ्या'वर भाषण करून बसलो असतो आणि त्या गप्प राहिल्या असत्या.

तुमच्यासाठी एक नेमकी गोष्ट. पथविक्रेता कायदा २०१४ चा. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे. अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी, विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. शिवाय वाहतूक पोलीस, नियोजन प्राधिकरण, वैद्यकीय अधिकारी, संस्था, रहिवासी संघ, आणि बँका. म्हणजे कायद्याने हे टेबल आधीच मांडून ठेवलंय आणि त्याभोवती बँकेचीही खुर्ची आहे. त्या खुर्चीवर बसून काय बोलायचं हे बँकवाल्यांच्या वर्गात कुणी शिकवणार नाही. संचालकांना हे कलम दाखवा.

वस्तीताई

मुठाकाठ दादांनी मावशींचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, बरं वाटलं. मी वस्तीत काम करणाऱ्या एका संस्थेत आहे, अशा एका तुकडीत मीही होते. फायदा झाला यात शंका नाही. पण पेठकरीण ताई, जाण्याआधी तुम्ही काही गोष्टींचा आग्रह धरावा असं मला वाटतं, कारण बँक पैसे भरणार आहे आणि पैसे भरणाऱ्याचं ऐकतात.

पहिली गोष्ट भाषा. आमच्या वर्गात सगळं इंग्रजीतून चालायचं. मला समजत होतं, पण वस्तीतलं सांगायचं तर ते मराठीतच येतं, इंग्रजीत आणेपर्यंत पुढचा विषय सुरू व्हायचा. जिल्हा परिषदेतले एक विस्तार अधिकारी, गावागावाची नस ठाऊक असलेला माणूस, कित्येक दिवस तोंड उघडत नव्हते. एका सत्रात शिकवणाऱ्या बाईंनी मराठीतून बोला म्हटलं आणि त्यांनी पाणंद रस्त्यांचा वाद कसा मिटवला ते असं सांगितलं की कंपनीवाले वह्या काढून लिहायला लागले. पुण्यात चालणारा वर्ग मराठीत का नसावा? निदान दोन्ही भाषांत तरी.

दुसरं म्हणजे फी. लहान संस्था आणि संघटनांना सवलत नसेल तर त्या येतच नाहीत. मग वर्गात उरतात ते ज्यांची फी कंपनी किंवा सरकार भरतं असे लोक, आणि ज्या माणसांबद्दल सगळे बोलतात ती माणसं खोलीत नसतात. तुमच्या बाबतीत पथारीवाल्यांच्या संघटनेचा माणूस त्या वर्गात असेल का, हे नक्की विचारा. नसेल तर संयोजकांना सांगा, एक जागा त्याला द्या.

मला हे इतकं महत्त्वाचं का वाटतं, त्याचं कारण याच शहरात आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. बाबा आढावांसारखे कष्टकऱ्यांच्या चळवळीतले नेते त्यामागे होते आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाचं काम करणाऱ्या बायकाही. म्हणजे विद्यापीठ आणि कामगार संघटना सुरुवातीपासून एकत्र. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरोघरी कचरा गोळा करायचा, घरांनी महिन्याला ठरलेलं शुल्क द्यायचं, सुका कचरा विकून येणारे पैसे वेचणाऱ्यांचे. या रचनेत पालिका आहे, संघटना आहे, सहकार आहे, फ्लॅटमधली गृहिणी आहे आणि भंगारचा बाजारसुद्धा आहे. अडचणी येतात, शुल्कावरून कुरबुरी होतात, कराराच्या मुदतवाढीवरून ताण होतो. तरी ती टिकून आहे, कारण ज्यांचं पोट त्यावर आहे त्या बायका निर्णयाच्या खोलीत पहिल्यापासून होत्या. त्यांच्यासाठी नेतृत्वाचा वर्ग कुणी भरवला नव्हता. त्यांनी संघटनेच्या बैठकांत शिकून घेतलं.

तेव्हा अभ्यासक्रम करा, जरूर करा. तिथे तुम्हाला साहेब लोकांची पंचांगं कळतील. हातगाडीचं पंचांग मात्र पहाटे मार्केट यार्डात उभं राहूनच कळेल. माल उधारीवर मिळतो की रोख, गाडी भाड्याची की स्वतःची, सणाच्या दिवसांत किती माल भरतात. तुमचा हप्ता महिन्याच्या ठरावीक तारखेला का, रोजच्या गल्ल्यातून थोडा-थोडा का नाही, हा प्रश्न तुम्हाला तिथेच पडेल.

पेठकरीण

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री मी हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं आणि आज दुपारी त्या ज्येष्ठ संचालकांना भेटले. पथविक्रेता समितीत बँकांचाही प्रतिनिधी असतो हे सांगितलं तेव्हा त्यांनी कायद्याची प्रत मागवली आणि बराच वेळ वाचत बसले. त्यांनी स्वतः उमेदीची वर्षं पतसंस्था उभी करण्यात घालवली आहेत. मग म्हणाले, "आमच्या काळी आम्ही सरपंचाला, तलाठ्याला, दूध संघाच्या सचिवाला एकाच ओट्यावर बसवायचो. तुम्ही फी भरून तेच करणार आहात ना?" मी हो म्हटलं. ते तयार आहेत, फक्त त्यांची एक अट आहे: बँकेचा एक खरा, अडलेला प्रश्न घेऊन जायचं आणि मंडळासमोर मध्येच एकदा सांगायचं की तो कुठवर आलाय.

प्रश्न मी ठरवलाय. एकाच रस्त्यावरची थांबलेली स्वनिधी खाती. सगळे विक्रेते जवळजवळ, कारण एकच, रस्त्याचं काम सुरू झाल्यावर त्यांची जागा गेली. चाकणकर साहेब, तुकडीची क्षेत्रवार यादी मागवली आहे. वस्तीताई, भाषेचं आणि संघटनेच्या जागेचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर पाठवते.

दादा, तुम्हाला एक विचारायचं आहे. इतका छोटा प्रश्न चालेल का? बाकीचे शहराची वाहतूक, नदी, असे विषय आणतील.

मुठाकाठ

ताई, छोटा आहे म्हणूनच चालेल. आमच्या तुकडीत 'पुण्याची वाहतूक' घेतलेला गट शेवटपर्यंत सादरीकरणच करत राहिला. एका रस्त्यावरची खाती म्हणजे माणसं मोजता येतात, भेटता येतात.

जाण्याआधी एवढं गोळा करा. त्या रस्त्याचं काम कुठल्या खात्याचं, कार्यादेशात पूर्ण करायची तारीख कोणती, हे माहितीच्या अधिकारात मिळतं, पण आधी तोंडी विचारून बघा, बहुतेक कनिष्ठ अभियंता सांगून टाकतो. पथविक्रेता समितीच्या मागच्या बैठकांची इतिवृत्तं मागा आणि त्यात त्या रस्त्याचा, पर्यायी जागेचा उल्लेख आहे का बघा. विक्रेत्यांची यादी करताना प्रमाणपत्रावरचं ठिकाण आणि सध्या ते जिथे उभे राहतात ते ठिकाण, असे दोन वेगळे रकाने ठेवा. पालिकेच्या अधिकाऱ्याला पर्यायी जागेच्या टिपणीसाठी नेमका हाच कागद लागतो आणि तो तयार करायला त्याच्याकडे माणूस नसतो. तुम्ही तो करून दिलात तर पहिल्याच भेटीत काम पुढे सरकेल.

आणि रस्त्याचं काम पावसाळ्याआधी संपणार असेल तर खाती नव्वद दिवसांच्या आत कशी सांभाळायची, हे तुमच्या वसुलीवाल्यांशी आत्ताच बोलून ठेवा. वर्ग सुरू होईपर्यंत थांबू नका.

वस्तीताई

ताई, त्या रस्त्यावरच्या बायका विक्रेत्यांची यादी करायला मी येते. शनिवारी सकाळी जमेल का? मेसेज करा.